विश्लेषण : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर ट्रम्पेट पुन्हा कधी फुंकायचा?

‘दोन महिने जड काही उचलू नका.’ हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय… पोटाची कोणतीही शस्त्रक्रिया झाली की घरी सोडताना ही सूचना हमखास मिळते. ट्रम्पेटचे वजन जेमतेम एक-सव्वा किलो. त्यामुळे बँडपथकातल्या वादकाला वाटते की ही सूचना आपल्यासाठी नाही. पण ट्रम्पेट धरायचा हाताने असला तरी वाजवायचा पोटाने असतो. ही गोष्ट डिस्चार्ज कार्डावर सहसा कुणी लिहीत नाही. ऐन लग्नसराईत त्याची किंमत वादकाला मोजावी लागू शकते.

फुंकताना पोटात नेमके काय होते?

पितळी वाद्यात सूर निघतो तो ओठांच्या कंपनातून. सूर जितका वरचा आणि जोरदार, तितके ओठ घट्ट आणि त्यामागे हवेचा दाबही तितका जास्त. हा दाब गालांतून येत नाही. पोटाचे स्नायू आवळले जातात, आतले अवयव वर ढकलले जातात, श्वासपटल वर सरकते आणि फुप्फुसातली हवा दाबाखाली बाहेर पडते.

रक्तदाब ज्या एककात मोजतात त्याच एककात पाहू. स्वस्थ पडून असताना पोटातला दाब साधारण ५ ते ७ मिलिमीटर असतो. जोरात खोकल्यावर तो १०० च्या आसपास जाऊ शकतो. ट्रम्पेटवर वरच्या पट्टीतला खणखणीत सूर लावताना तोंडातल्या हवेचा दाबही १०० च्या वर जाऊ शकतो, आणि तो तयार करण्याचे काम पोटाकडेच असते. फरक इतकाच की खोकला क्षणात संपतो आणि वरात तासन् तास चालते.

शाळेत शिकलेला पास्कलचा नियम इथेही लागू होतो. बंदिस्त जागेतला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, म्हणजे टाक्यांच्या जागेवरही. पोटाचा घेर मोठा असेल तर तेवढ्याच दाबाला पोटाच्या भिंतीवरचा ताण आणखी वाढतो.

सगळ्या वाद्यांना सारखाच जोर लागतो का?

नाही. ट्रम्पेटला हवा कमी, पण दाब जास्त लागतो. ट्यूबा किंवा सुझाफोनला हवा भरपूर, पण दाब त्या मानाने कमी लागतो. मात्र पितळी सुझाफोन दहा किलोहून जड असू शकतो आणि तो खांद्यावर घेऊन चालायचे असते. म्हणजे एकाला फुंकण्याचा धोका, तर दुसऱ्याला उचलण्याचा. ‘बँडमध्ये वाजवतो’ एवढेच सांगून डॉक्टरांना पुरेशी कल्पना येणार नाही. कोणते वाद्य, उभ्याने की बसून आणि किती तास, हेही सांगायला हवे.

वरून जखम भरली, मग अडचण काय?

त्वचा दहा-पंधरा दिवसांत जुळलेली दिसते. पण पोटाला धरून ठेवते ती त्वचा नव्हे, तर त्याखालचा चिवट पडदा, म्हणजे फॅशिया. पहिले काही आठवडे तिथला भार मुख्यतः टाकेच पेलत असतात. सहा आठवड्यांच्या सुमारास या पडद्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते आणि पुढे काही महिने हळूहळू वाढत राहते. तरीही ती पूर्वीइतकी पूर्ण होत नाही. पोटावर मोठा उभा छेद घेतलेल्या शस्त्रक्रियांनंतर साधारण शंभरात दहा ते वीस जणांना त्याच जागी पुन्हा हर्निया होतो. घाईने फुंकण्याची भीती आहे ती यामुळेच.

मग सर्वांना एकच मुदत का नाही?

शस्त्रक्रिया वेगळी, तर मुदतही वेगळी. जांघेतल्या हर्नियावर जाळी बसवल्यानंतर त्रास नसेल तर तीन ते पाच दिवसांत रोजचे व्यवहार सुरू करायला हरकत नाही, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. म्हणजे सरसकट दोन महिने घरी बसवणेही योग्य नाही. पण ‘रोजचे व्यवहार’ म्हणजे वरातीतला वरचा सूर नव्हे. दुर्बिणीतून झालेल्या साध्या शस्त्रक्रियेनंतर हलक्या वादनाचा विचार सहसा दोन ते चार आठवड्यांनी होऊ शकतो. मोठा छेद असेल तर किमान सहा आठवडे, कधी कधी तीन महिनेही लागतात. नेमकी तारीख मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायची.

परवानगी मिळाल्यावर सुरुवात कशी करावी?

आधी चालणे आणि सावकाश खोल श्वास. मग नुसत्या माउथपीसवर काही मिनिटे. त्यानंतर बसून, मधल्या पट्टीतले हलके लांब सूर, दिवसाला पाच-दहा मिनिटे. दुसऱ्या दिवशी ठणका नसेल तरच वेळ वाढवायचा. पुढचा क्रमही ठरलेला : आधी वेळ, नंतर आवाज, मग वरचे सूर आणि सर्वांत शेवटी उभ्याने, चालत वाजवणे. सूर लावण्याआधी गळा बंद करून श्वास कोंडण्याची सवय अनेकांना असते. त्यात दाब विनाकारण चढतो, ती टाळावी. टाक्यांजवळ ओढ बसली, फुगवटा दिसला किंवा दुखणे वाढले तर वाद्य खाली ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

हे पाळणे इतके अवघड का?

कारण हा प्रश्न पोटाचा आहे, दोन्ही अर्थांनी. पोलीस किंवा लष्कराच्या बँडमधल्या वादकाला पगारी रजा असते. लग्नाच्या बँडमधला वादक हंगामावर जगतो. अनेक ठिकाणी हंगामाआधी मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती वाजवूनच फेडायची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेक शस्त्रक्रिया विनाशुल्क होतात, पण त्यानंतर बुडालेल्या रोजाचे काय? कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. बँडवाल्यासारखा असंघटित कामगार सहसा त्या योजनेच्या बाहेरच राहतो. त्याला ‘विश्रांती घ्या’ सांगणे सोपे आहे. विश्रांतीच्या काळात घर कसे चालवायचे, हे कुणी सांगत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट फुकट आहे : वेळ. तातडीची गरज नसलेली शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या संमतीने चातुर्मासाच्या सुरुवातीला ठेवता येते. आषाढी एकादशीपासून गणेश चतुर्थीपर्यंत, अधिक मास नसेल तर, साधारण सात आठवडे मिळतात आणि त्या काळात लग्ने जवळपास बंद असतात. अर्थात हर्निया अडकला किंवा दुखणे अचानक वाढले तर पंचांग पाहत बसायचे नाही.

दुसरी गोष्ट मालकांच्या हातात आहे. शस्त्रक्रियेतून उठलेल्या वादकाला काही आठवडे फुंकण्याऐवजी झांज, खुळखुळा किंवा नवख्यांना शिकवण्याचे काम देता येते. उचलीची वसुली पुढच्या हंगामावर ढकलता येते. कसलेला ट्रम्पेटवादक कायमचा गमावण्यापेक्षा हा सौदा मालकालाही स्वस्त पडेल.

तिसरी गोष्ट रुग्णालयांची. डिस्चार्ज कार्डावर ‘जड उचलू नका’च्या खाली ‘फुंकवाद्य वाजवत असल्यास कधीपासून’ अशी एक ओळ छापायला शाईखेरीज खर्च नाही. सनई, क्लॅरिनेट आणि शंख वाजवणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल. तोवर वादकांनीच शस्त्रक्रियेआधी आपले वाद्य डॉक्टरांसमोर ठेवावे, शक्य असेल तर वाजवून दाखवावे आणि परतण्याची तारीख कागदावर लिहून मागावी. मालकाशी बोलताना तोंडी सबबीपेक्षा तो कागद जास्त कामाला येईल.