दोघांचे उड्डाण, जबाबदारी एकाची

वर्धा : डोंगरमाथ्यावरून काही पावले धावायचे आणि पाहता पाहता जमीन सोडायची, या थराराचे आकर्षण आता महानगरांपुरते उरलेले नाही. वर्धेसारख्या सपाट जिल्ह्यातील हौशी पर्यटकही त्यासाठी कामशेत, पाचगणी वा गोव्याची वाट धरतो. प्रशिक्षण नसले तरी वैमानिकासोबत ‘टँडम’ पॅराग्लायडरमधून उडता येते. मात्र, या सोयीतच धोकाही दडलेला आहे.

टँडमचे छत मोठे, साधारण ४० चौरस मीटरचे असते. प्रवासी पुढे आणि वैमानिक मागे बसतो. नवशिक्यांच्या प्रशिक्षणासाठीही हीच रचना वापरली जाते. तथापि, प्रशिक्षणार्थी पट्टे बांधायला आणि वारा ओळखायला शिकतो; पर्यटकाला यातले काहीच ठाऊक नसते. जीव दोघांचा पणाला लागतो, निर्णय मात्र एकाचाच असतो.

दोन दुर्घटना, दोन धडे

१८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यातील केरी पठारावरून उड्डाण केल्यानंतर पुण्याची तरुणी आणि तिचा प्रशिक्षक यांचा दरीत कोसळून मृत्यू झाला. परवान्याविना व्यवसाय केल्याच्या आरोपावरून कंपनीच्या मालकावर गुन्हा दाखल झाला. त्याआधी फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातील कुलूजवळ डोभी येथे तेलंगणातील महिला पर्यटक उड्डाणादरम्यान खाली पडून दगावली. तेथे स्थळ मंजूर होते, वैमानिकही नोंदणीकृत होता. सुरक्षा पट्टा नीट तपासला न गेल्याचे प्राथमिक चौकशीत पुढे आले. परवाना आवश्यक आहे. परंतु तो पुरेसा नाही, हेच यातून दिसते.

नियम आहेत, अंमलबजावणीचे काय?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून जमीन, पाणी व हवेतील उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीची अट घातली. मात्र, खरी कसोटी उड्डाणस्थळी लागते. जितकी उड्डाणे अधिक, तितकी कमाई अधिक, हे हंगामातले गणित घाईला खतपाणी घालते. उड्डाणानंतर लगेच बिघाड झाल्यास राखीव पॅराशूट उघडण्याइतकी उंचीच हाती नसते. त्यामुळे सुरक्षितता जमिनीवरच, शेवटच्या दोन मिनिटांच्या तपासणीत ठरते.

ही तपासणी दुसऱ्या जाणकाराकडून सक्तीची करणे आणि वारा प्रतिकूल असताना उड्डाणे थांबविणे, हे उपाय खर्चिक नाहीत. पर्यटकानेही नोंदणी विचारावी, मांड्यांचे पट्टे बांधल्याची खात्री करावी. चौकशी अपघातानंतर होतेच. ती उड्डाणापूर्वी होणे अगत्याचे आहे.