कुत्र्याचा दोर कोणाच्या हाती?

(द्वितीय वर्ष कला)

'साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये' ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. माणसाला ती कळते. कुत्र्याला ती कोणी सांगायची? कुत्रा तर नेमका घोड्याच्या मागूनच जातो. टापांशी भुंकतो, घोडा लाथ झाडतो किंवा उधळतो, आणि मग कुत्र्याची बरगडी तरी मोडते नाहीतर घोड्यावरचे माणूस तरी खाली येते. अशा वेळी गावात दोनच निकाल ऐकू येतात. एक, 'घोडं खोडील आहे.' दुसरा, 'कुत्रं पिसाळलेलं असेल.' कुत्र्याचा धनी चुकला, हा तिसरा निकाल मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तो मांडावा म्हणूनच हा लेखनप्रपंच.

वार्षिकात बेकारी, हुंडा, कांद्याचे भाव असे भारदस्त विषय असताना तू कुत्र्या-घोड्यांचे काय घेऊन बसलीस, असे एका मैत्रिणीने मला विचारले. पण मी ज्या घरातून कॉलेजात आले, त्या घरात हा विषय क्षुल्लक नाही. आम्ही धनगर. आजी-आजोबा हयातभर मेंढरांमागे चालले, चुलते अजून चालतात. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिलीच. आमच्याकडे वाडा म्हणजे चांदवडच्या रंगमहालासारखा चिरेबंदी वाडा नव्हे. मेंढरे, घोडी, कुत्री आणि माणसे मिळून जो फिरता संसार होतो, त्याला आम्ही वाडा म्हणतो. त्या संसारात घोडा आणि कुत्रा यांचे पटले नाही, तर एक दिवसही निभायचे नाही.

मालेगावजवळच्या चंदनपुरीला पौषात खंडोबाची जत्रा भरते. देवाची बाणाई तिथली, धनगराची लेक. देवाचा टाक पाहिलात तर देव घोड्यावर स्वार झालेला आणि खाली कुत्रा चाललेला दिसतो. तिकडे तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो तो दत्तजयंतीला. आणि दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात. यावरून पुष्कळांना वाटते की ही जोडी देवानेच जुळवून दिलेली आहे, आपण काही करायला नको. माझे मत याच्या उलट आहे. टाकात घोडा आणि कुत्रा दोघेच नसतात, त्यांच्याबरोबर धनी असतो. तो काढून घ्या आणि मग काय राहते ते पाहा.

वास्तविक हे दोन्ही प्राणी स्वभावाने एकमेकांना वाईट. घोडा पळून जीव वाचवणारा, कुत्रा पळत्याच्या पाठी लागणारा. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, म्हणून त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पण अगदी शेपटीमागचे आणि कपाळासमोरचे जवळचे दिसत नाही. कुत्रा त्या न दिसणाऱ्या जागेतून आला की घोड्याला फक्त आवाज ऐकू येतो, आणि न दिसणाऱ्या आवाजाला तो लांडगाच समजतो. त्यात खोडी कसली? ती त्याची जिवाची राखण आहे. कुत्राही मुद्दाम वाईट वागत नाही. समोरचा पळाला की धावणे हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून मी म्हणते, अपघाताचा दोष या दोघांपैकी कोणाकडेच नाही.

आमच्या वाड्यात ही गोष्ट कोणी पुस्तकात वाचलेली नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्र्याचे पिलू लहान असतानाच घोड्यांपासून चार-पाच हात लांब, त्यांना दिसेल असे बांधतात. घोड्याला त्याचा वास कळतो, पिलाला टापांचा आवाज कळतो. घोड्याला तोबरा चढवला असेल तेव्हा कुत्र्याला भाकरी टाकायची ती दूर, दुसऱ्या अंगाला. कारण खाण्यावरून भांडण होते. अगाडी-पिछाडी बांधलेल्या घोड्याजवळ अनोळखी कुत्रा फिरकू देत नाहीत, कारण बांधलेल्या घोड्याला पळता येत नाही आणि मग तो लाथेशिवाय दुसरे काय करणार? वाटचालीत कुत्रा घोड्याच्या मागे नव्हे, बाजूने चालवायचा, म्हणजे तो घोड्याच्या डोळ्याला दिसत राहतो. टापांशी जाण्याची खोड लागलेल्या कुत्र्याच्या गळ्यात आजोबा लोढणे अडकवीत. पळायला गेला की ते पायांत येई, आणि काही दिवसांत त्याची खोड जाई. हे शास्त्र नाही तर काय आहे? केवळ ते मराठीच्या क्रमिक पुस्तकात नाही म्हणून त्याला अडाणीपणा म्हणायचे काय?

आता रस्त्यावरची स्थिती पाहा. पावसाळा सरला की वाडे निघतात. मेंढरे गडी हाकतात. बिऱ्हाड लादलेली घोडी बाया नेतात. घोडीवर भांडी, पाल, मेंढरांभोवती लावायची वाघर, त्यावर कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे, आणि सर्वांत वर चालता न येणारी लहान पोरे. पूर्वी आडवाटा होत्या, माळ मोकळे होते. आता माळांना कुंपणे आली, म्हणून वाडा महामार्गाच्या कडेने आणि वस्त्यांच्या दारांवरून जातो. प्रत्येक दारात एक कुत्रा, आणि तो मोकळा.

दोन वर्षांपूर्वी राहूड घाटाच्या अलीकडे एका वस्तीवरून आमची घोडी चालली होती. ओट्यावर बसलेल्या तीन मुलांनी गंमत म्हणून आपली कुत्री 'छू' केली. घोडी बुजली, ओझे कलंडले आणि माझा चार वर्षांचा चुलतभाऊ खाली पडला. त्याचा हात मोडला. आजी पळाली नाही, ओरडलीही नाही. तिने म्होरकी आखूड धरली आणि घोडीचे तोंड कुत्र्यांकडे वळवले. कुत्री थबकली. पाठ दाखवणाऱ्याच्या मागे लागणारा कुत्रा तोंड दाखवणाऱ्यासमोर बहुधा थांबतो. ती मुले मात्र हसत होती, आणि तिघांच्याही पाठीवर दप्तरे होती. पोराच्या मोडल्या हातापेक्षा मला ती दप्तरेच अधिक लागली. शिक्षणाने माणूस शहाणा होतो असे आमच्या घरात सगळे मानतात, म्हणून तर मला इथे पाठवले.

यावर दोन आक्षेप निघतात. पहिला असा की कुत्रे बांधून ठेवले तर राखण कोण करील? बिबट्या आहे, लांडगा आहे, चोर आहे. हे खरे आहे, आणि धनगराला ते कोणी शिकवायला नको. आमचीही कुत्री रात्री मोकळी असतात. पण राखण रात्रीची. भर दुपारी वाटेने जाणाऱ्या घोडीच्या टापांना धरणे ही राखण नव्हे. दुसरा आक्षेप असा की घोड्यानेच सवय करून घ्यावी. जुने घोडे करतातही. परंतु येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून परवा आणलेल्या घोड्याने कोणाकोणाच्या कुत्र्यांची सवय करायची? नवरदेवाच्या घोडीचे हाल तर विचारूच नका. पुढे बँड, कानाशी फटाके, आणि गोंगाटाने पिसाटलेली गल्लीतली कुत्री पायांत. त्यात ती उधळली तर वर बसलेल्या नवरदेवाचे काय व्हायचे?

हा प्रश्न केवळ आमच्या तालुक्याचा नाही. माथेरानला मोटारींना बंदी असल्याने घोड्यावरच वाहतुकीची मोठी भिस्त आहे, आणि हौशी पाहुणे तिथे आपापली कुत्री घेऊन येतात. विलायतेत पूर्वी डाल्मेशियन जातीची ठिपक्यांची कुत्री घोडागाडीबरोबर धावत. पण ती लहानपणापासून घोड्यांत वाढवलेली असत. तिथल्या रस्त्याच्या नियमावलीत आजही सांगितलेले आहे की जिथे घोडेस्वार जातात त्या वाटेवर कुत्रा आखूड दोराने धरावा. दोर आखूड असावा, पण तो हाताला गुंडाळू नये आणि खोगिराला तर मुळीच बांधू नये. दोघांपैकी एक जरी पळाला तरी धन्याची फरफट होते. घोडा येताना दिसला की कुत्र्याला आधीच बोलवावे, रस्त्याच्या एका कडेला घोड्याला दिसेल असे उभे राहावे, आणि घोडेवाल्याशी दोन शब्द बोलावे. माणसाचा आवाज ऐकला की घोडा निवळतो. आणि घोडेवाल्याने? कुत्रा मागे लागला असता घोडा दामटू नये. पळणारा घोडा म्हणजे कुत्र्याला आमंत्रणच.

कायदाही या बाजूने आहे. करमणुकीसाठी एका जनावरावर दुसरे जनावर सोडणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. आपल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी जाणूनबुजून किंवा हयगयीने न घेणे हाही गुन्हाच. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे २०२३ च्या नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवलेले काम आहे. पण ओट्यावरच्या 'छू'साठी फौजदार कोण बोलावणार? तिथे लोकलाजच उपयोगी पडेल.

शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा रेबीजचा. पिसाळलेला कुत्रा घोड्याला चावला तर घोड्यालाही तो रोग होतो आणि त्याला हाताळणाऱ्या माणसांचा जीव धोक्यात येतो. रोग उमटल्यावर औषध नाही. चावा झाला की जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी माणसाने दवाखाना, जनावराने पशुवैद्य गाठावा. हळद, चुना, मिरची भरत बसू नये. खोल जखम असल्यास लसीबरोबर सीरम देतात. आपल्या देशात हे सीरम पुष्कळदा घोड्याच्या रक्तापासून बनवलेले असते. म्हणजे कुत्रा चावला तर आपल्याला वाचवायला येतो तो घोडाच. त्याच्या अंगावर गंमत म्हणून कुत्रे सोडणाऱ्या मित्रांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मला एक सूचना करावीशी वाटते. २८ सप्टेंबर हा लुई पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. याच सुमारास पाऊस ओसरतो आणि वाडे निघायच्या तयारीला लागतात. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकाने त्या दिवशी महामार्गालगतची एखादी वस्ती घ्यावी, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विनंती करून तिथल्या कुत्र्यांना लस टोचून घ्यावी, आणि वाड्याच्या दिवसांत कुत्री दिवसा बांधून ठेवण्याचे घरोघर सांगावे. दोरखंड काही महाग नसतो. धनगरांच्या बायका काय सांगतात ते ऐकायचे असेल, तर माझी आजी यायला तयार आहे. तिला मी विचारून ठेवले आहे.