शिबिर मुलांनीच चालवावे



‘स्काऊट पथकाचा दर्जा टिकवायचा तर सूत्रे शिक्षकांच्याच हाती हवीत’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला अजिबात पटले नाही. 1907 साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावरच्या पहिल्याच शिबिरात स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी वीसेक मुलांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघ एका मोठ्या मुलाच्या हवाली केला. चळवळ उभी राहिली ती या पायावर. आपल्याकडे अनेक शाळांत संघनायक संचलनापुरता उरला आहे. राज्य पुरस्काराची तयारी नोंदवह्या भरण्यात संपते आणि तपासणीला अधिकारी येणार म्हणून तंबूच्या दोऱ्या शिक्षकच ताणतात.

तेरा वर्षांचा संघनायक आठ जणांच्या भाताचा अंदाज बांधतो, तो चुकतो, करपलेले पातेले सगळा संघ मिळून घासतो आणि दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पाणी मोजून घालतो. दर्जा मोजायचा तर इथे मोजा.

मुलांना वाऱ्यावर सोडा, असे मी म्हणत नाही. नदी, विस्तव, आजारपण ही जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांचीच. पण स्काऊट मास्टरचे खरे काम शिबिराच्या कितीतरी आधी सुरू होते: संघनायकांना वेगळे बसवून गाठी, स्वयंपाक, नकाशा शिकवायचा आणि कोर्ट ऑफ ऑनरमध्ये, म्हणजे संघनायकांच्या सभेत, त्यांनी ठरवलेला कार्यक्रम, आपल्याला दुसरा सुचत असला तरी, चालू द्यायचा. हा संयम शिक्षकांच्या प्रशिक्षणात कितपत शिकवला जातो, यावर पत्रलेखकांनी अवश्य लिहावे.

— एक स्काऊट मास्टर, सातारा