पाठीत मशीन बसवण्याआधी

रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक ताई माझ्याजवळ येऊन बसली. पंधरा वर्षं झाडलोटीचं काम केलेली. मणक्याचं ऑपरेशन होऊनही डाव्या पायातली आग थांबत नाही. ती म्हणाली, “सिस्टर, आता पाठीत मशीन बसवायला सांगितलंय. खर्च लाखांत आहे. गावाकडचं घर विकू का?”

आधी एक गोष्ट. ताईचं दुखणं खरं आहे. ते कामचुकारपणाचं नाटक नाही, मागच्या जन्माचं पापही नाही. मागच्या जन्माच्या कर्माचं हे खूळ बाबासाहेबांनी साफ नाकारलं. त्यांना मधुमेह होता. पायांच्या नसांच्या वेदनेने रात्र-रात्र झोप लागत नसे. त्यांनी अंगारा नव्हे, डॉक्टरांचा उपचार घेतला. आपणही तेच करायचं, पण डोळे उघडे ठेवून.

या मशीनला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणतात. १९६७ साली अमेरिकेत डॉ. नॉर्मन शीली यांनी ते पहिल्यांदा रुग्णाला बसवलं. मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा घालतात आणि कमरेखाली किंवा पोटावर कातडीच्या आत बॅटरी ठेवतात. सौम्य विजेच्या लहरींनी वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत पोचताना मंदावतो. दुखण्याचं मूळ मात्र जागेवरच राहतं.

काहींना, विशेषतः ऑपरेशननंतर पाय दुखत राहिलेल्यांना, यातून आराम पडल्याचं सांगितलं जातं. पण कंबरदुखीवरच्या १३ चाचण्या एकत्र तपासणारा कॉक्रेनचा आढावा २०२३ साली आला. खोट्या उपचाराशी तुलना केली तेव्हा सहा महिन्यांनंतर या मशीनचा बहुधा फायदा दिसत नाही, असं त्यात म्हटलं आहे. वर्षभराहून पुढची तशी तुलना झालेलीच नव्हती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे : नुसत्या कंबरदुखीसाठी कर्ज काढून हे मशीन घेऊ नये.

मशीन बसवलं की त्याच्यासोबत जगावं लागतं. सुरुवातीचे काही आठवडे वाकणं, वळणं, ओझं उचलणं बंद, नाहीतर तार सरकते. झाडू मारणाऱ्या बाईला ही सुट्टी कोण देणार? जखमेत जंतुसंसर्ग होऊ शकतो, मधुमेह असेल तर धोका जास्त. काही मशीन नियमित चार्ज करावी लागतात. बॅटरी संपली की ती बदलायला पुन्हा ऑपरेशन. एमआरआय किंवा दुसरं ऑपरेशन करण्याआधी मशीनचं कार्ड दाखवावंच लागतं. फिजिओथेरपीतला डायथर्मीचा शेक तर कधीच घ्यायचा नाही.

तेव्हा सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. माझ्या दुखण्याचं नेमकं कारण काय? आधी तारा तात्पुरत्या घालून काही दिवस चाचणी घेणार का? दुखणं निम्म्याने तरी कमी झालं नाही, तर पुढे जाऊ नका. बॅटरी बदलण्यासह एकूण खर्च किती? नंतर मशीन बिघडलं तर कोण बघणार? महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय मिळतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पाठदुखीसोबत लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसण्याची जागा बधिर झाली, पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. ताप येतो, वजन घटतं, रात्री दुखणं वाढतं, तर मणक्याचा टीबी तपासा. त्याचा उपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

दुःख आहे आणि दुःखाला कारण आहे, हे तथागतांनी सांगितलं. आपल्या बायांच्या पाठीच्या दुःखाचं एक कारण आखूड झाडू, जड गाडा आणि आजारपणाची रजा न देणारा ठेकेदार हेही आहे. त्यावर कुठलंही मशीन बसवता येत नाही. लांब दांड्याचा झाडू, दुखणाऱ्याला हलकं काम आणि वस्तीजवळच्या दवाखान्यात फिजिओथेरपी, या मागण्या आपल्यालाच लावून धराव्या लागतील.

ताईने घर विकलेलं नाही. येत्या मंगळवारी आम्ही दोघी सगळे रिपोर्ट घेऊन सरकारी रुग्णालयात जाणार आहोत. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर त्याला एकटं पाठवू नका. सोबत जा.

जय भीम!