न झालेल्या लढतीचा निकाल

दोन वेगवेगळ्या काळांतील हेवीवेट विजेते एकाच रिंगमध्ये उतरले असते तर कोण जिंकले असते, हा मुष्टियुद्धाच्या रसिकांचा जुना आणि आवडता वाद असला, तरी तो बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होतो. कारण ‘अली मोठा की मार्सियानो’ असे विचारताना दोघांच्या कीर्तीची तुलना केली जाते, आणि कीर्तीला वय नसते, वजन नसते, भुवईवर जखम होत नाही की बाराव्या फेरीत तिचे पाय जड होत नाहीत. लढतीचा अंदाज बांधायचा तर कोणत्या वर्षीचा अली, कोणत्या वर्षीचा मार्सियानो, आणि कोणत्या नियमांखाली, हे आधी ठरवावे लागते.

ही जोडी अशा अभ्यासाला विशेष सोयीची आहे, कारण तिची लढत एकदा यंत्राकडून लावून झाली आहे. मायामीतील नभोवाणी-निर्माता मरे वोरोनर याने १९६७ मध्ये सर्व काळांतील हेवीवेट विजेत्यांची एक काल्पनिक स्पर्धा भरवली. वेग, ठोशाची ताकद, मार सोसण्याची क्षमता अशा गुणांना जाणकारांनी दिलेले आकडे एनसीआर ३१५ या संगणकात भरण्यात आले आणि त्यातून निघालेल्या लढतींचे धावते वर्णन नभोवाणीवरून ऐकवण्यात आले. या स्पर्धेत अली हा १८९९ ते १९०५ या काळातील विजेता जिम जेफ्रीज याच्याकडून हरला, तर मार्सियानोने अंतिम लढतीत जॅक डेम्प्सीला हरवले. संतापलेल्या अलीने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा लावला, आणि त्याची तडजोड अशी झाली की दहा हजार डॉलर घेऊन त्याने मार्सियानोसह लुटुपुटीच्या लढतीच्या चित्रपटात काम करावे. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती होण्यास एप्रिल १९६७ मध्ये नकार दिल्यामुळे त्याचे विजेतेपद आणि लढण्याचा परवाना दोन्ही काढून घेण्यात आले होते, तेव्हा या तडजोडीमागे पैशाची निकड नव्हती असे म्हणणे कठीण आहे.

चित्रीकरण १९६९ मध्ये झाले, तेव्हा अली २७ वर्षांचा होता आणि १९५६ मध्येच निवृत्त झालेला मार्सियानो वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी वजन उतरवून व डोक्यावर केसांचा टोप चढवून उभा राहिला होता. शेवट अनेक प्रकारचे चित्रित करून ठेवले होते आणि कोणता दाखवला जाणार हे दोघांपैकी कोणालाही सांगितलेले नव्हते. मार्सियानोला तो कधीच कळला नाही, कारण ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यात झालेल्या विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपटगृहांतून दाखवलेल्या चित्रपटात तेराव्या फेरीत मार्सियानोने अलीला नॉकआउट केले, म्हणजे पंचाने दहा आकडे मोजेपर्यंत अली उठू शकला नाही. हा संगणक अलाबामात, म्हणजे वर्णद्वेषासाठी कुख्यात असलेल्या दक्षिणेतील राज्यात, बनला असावा, हा अलीचा टोमणा प्रसिद्धच आहे. मात्र त्याहून बोलकी गोष्ट वेगळीच आहे. मार्सियानोने सप्टेंबर १९५२ मध्ये फिलाडेल्फियात जो वॉलकॉटकडून विजेतेपद हिसकावले, तेही तिन्ही गुणपत्रिकांवर मागे असताना, तेराव्याच फेरीत, उजव्या हाताच्या एका आखूड ठोशाने. तेव्हा यंत्राने भविष्य वर्तवले की झालेल्या इतिहासाचीच उजळणी केली, अशी शंका घ्यायला जागा आहे.

आता मोजमापांकडे वळता येईल. अलीची उंची १९१ सेंटिमीटर, तर मार्सियानोची १७९च्या आसपास होती. पोहोच, म्हणजे दोन्ही हात आडवे पसरल्यावर एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंतचे अंतर, अलीची सुमारे १९८ आणि मार्सियानोची जेमतेम १७३ सेंटिमीटर होती. पंचवीस सेंटिमीटरचा हा फरक नेहमी मोठ्या कौतुकाने सांगितला जातो, परंतु एका हातापुरता तो त्याच्या निम्माच उरतो, हे सांगणारे सहसा विसरतात. वजनातील तफावत अधिक गंभीर आहे. मार्सियानो ८४ किलोच्या आसपास लढत असे आणि त्या काळी ७९ किलोच्या वर गेलेला प्रत्येक मुष्टियोद्धा हेवीवेट ठरत असल्यामुळे त्यात गैर काहीच नव्हते, आज ९०.७ किलोपर्यंतच्यांसाठी क्रूझरवेट हा स्वतंत्र गट असल्याने तो हेवीवेटमध्ये गणलाच गेला नसता. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टन येथे क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली सुमारे ९६ किलोचा होता, आणि तरीही मार्सियानोपेक्षा पायांनी कितीतरी वेगवान होता.

मार्सियानोच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे ४९ लढती, ४९ विजय आणि त्यांतील ४३ नॉकआउट. हा आकडा खरा आहे, पण तो कोणाविरुद्ध कमावला हेही पाहिले पाहिजे: १९५१ मध्ये त्याने हरवलेला जो लुईस ३७ वर्षांचा होता, वॉलकॉट ३८ वर्षांचा होता, आणि १९५५ मध्ये शेवटच्या लढतीत समोर आलेला आर्ची मूर किमान तितक्याच वयाचा असूनही त्याने दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडले होते. तो लगेच उठला आणि नवव्या फेरीत जिंकला, हा त्याच्या चिवटपणाचा दाखला आहे. पण त्याच्यापर्यंत ठोसे पोहोचत होते, हेही त्याच लढतीतून दिसते.

या साऱ्या वादात निर्णायक ठरणारी, तरीही सर्वांत कमी बोलली जाणारी बाब म्हणजे त्वचा. सप्टेंबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमवर एझर्ड चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोची नाकपुडी इतकी फाटली, की लढत थांबवली जाण्याचा धोका ओळखून त्याने घाईने आक्रमण केले आणि आठव्या फेरीत चार्ल्सला नॉकआउट केले. चार्ल्सची उंची आणि वजन मार्सियानोच्याच जवळपासचे होते. अलीचे मुख्य शस्त्र जॅब, म्हणजे पुढच्या हाताने सरळ रेषेत मारला जाणारा झटपट ठोसा, आणि तो ठोसा वळवून मारण्याच्या त्याच्या लकबीमुळे समोरच्याची कातडी सोलली जात असे. इंग्लंडचा हेन्री कूपर १९६३ मध्ये वेम्ब्ली येथे पाचव्या फेरीत आणि १९६६ मध्ये हायबरी येथे सहाव्या फेरीत अलीकडून हरला, तो दोन्ही वेळा डोळ्याभोवतालच्या जखमांमुळे. पंचाने जखमेसाठी लढत थांबवली तर तो तांत्रिक नॉकआउट ठरतो, आणि लवकर रक्त येणाऱ्या योद्ध्याला अलीविरुद्ध पंधरा फेऱ्या पंचाच्या मर्जीवर काढाव्या लागल्या असत्या.

असे असले तरी मार्सियानोला मोडीत काढणे हा उतावीळपणा ठरेल. कूपरच्याच १९६३ च्या लढतीत चौथ्या फेरीच्या अखेरीस डाव्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या ठोशाने, अली जमिनीवर आला होता. डावा हात खाली ठेवणे आणि ठोसा चुकवताना खाली वाकण्याऐवजी मान मागे घेणे ही त्याची सवय वेग असेपर्यंतच सुरक्षित होती. मार्च १९७१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जो फ्रेझरने ते सिद्ध केले: सतत पुढे घुसणारा, डोके हलवत ठेवणारा, शरीरावर ठोसे मारून पाय जड करणारा आणि अलीपेक्षा बुटका असा हा योद्धा गुणांवर जिंकला आणि पंधराव्या फेरीत त्याने अलीला खाली पाडले. मार्सियानोची शैली याच जातीची होती. फरक इतकाच, की फ्रेझरचे डोके आणि पाय अधिक चपळ होते, त्याचा हुक अधिक जवळून निघत असे, तर मार्सियानोचा हुकमी ठोसा उजव्या हाताचा आणि लांबचा वळसा घेऊन येणारा होता, जो अलीच्या डोळ्यांना आधी दिसला असता. शिवाय जवळ आलेल्याला मानेपाशी धरून ठोसे मारूच न देण्याची अलीची युक्ती रोखण्यास पंच किती कडक असता, यावरही बरेच अवलंबून राहिले असते.

तेव्हा १९६६ चा अली आणि १९५४ चा मार्सियानो पंधरा फेऱ्यांसाठी उतरले असते, तर पहिल्या चार-पाच फेऱ्यांत अलीच्या बरगड्यांना बराच मार बसूनही नवव्या-दहाव्या फेरीच्या सुमारास जखमेमुळे लढत थांबली असती आणि हात अलीचा वर झाला असता. समोर १९७१ चा अली असता, साडेतीन वर्षांची सक्तीची रजा भोगून पाय मंदावलेला, तर मात्र तो गुणांवर, तोही दोन पंच एकीकडे आणि एक दुसरीकडे अशा निसटत्या निकालाने, मार्सियानोकडून हरला असता.