आजीचं नाव नीट लिहा
वसईच्या वा गोव्याच्या चर्चमधल्या जुन्या वह्यांत एकाच घराचं आडनाव कुठे लोपीस, कुठे लोपेस असं सापडतं. फादरांनी कानावर आलं तसं टिपलेलं. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाहनोंदी सक्तीच्या केल्या, म्हणून सरकारी दाखला नसलेल्या पणज्यांचाही माग आज लागतो. मूळ नोंद कधी खोडू नये. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन या तिन्ही नोंदी ताडून धर्मगुरूंकडे रीतसर अर्ज करावा, दुरुस्ती समासात लिहून घ्यावी. वंशावळीत दोन्ही रूपं ठेवावीत, म्हणजे पुढचा शोधणारा अडणार नाही. गेलेली आजी स्वतःसाठी अर्ज करू शकत नाही. तिचं नाव शुद्ध करणं हे नातवंडांचं कर्तव्य आहे. घरातली जाणती माणसं आहेत तोवर ते करून घ्या.