भगव्याची कड
मे महिन्यात मुंबईची मुलं महाड तालुक्यातल्या बिरवाडीत आली की आंबे, नदी आणि मोबाइल यांत सुट्टी संपते. घरात किंवा ओळखीच्या शिवणवाल्या ताईंकडे ओव्हरलॉक मशीन असेल, तर ६ जूनच्या आत मुलांकडून एक भगवा शिवून घ्या. १६७४ साली त्या तारखेला ज्या रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, तो याच तालुक्यातला. साध्या कापलेल्या पताकेची कड गडावरच्या वाऱ्यात लगेच विरते. ओव्हरलॉकची सुरी कडेच्या दशा छाटते आणि सुई-लूपरचे दोरे तिला वेढा घालतात, म्हणून ती सुटत नाही. टाचण्या आधी काढा. एखादी सुरीखाली आली तर धार गेलीच. अवघड जागा भगव्याच्या दोन टोकांमधल्या खाचेची: तिथे कापड ओढून कड एका रेषेत आणा, मगच मशीन चालवा. काठीची नळी मात्र साध्या मशीनवर, दुहेरी टीप मारून. उरलेल्या तुकड्यात ज्येष्ठी पौर्णिमेला वडाच्या पूजेच्या ताटावर झाकायचा रुमाल निघतो. मोठ्यांनी फक्त सुरीजवळची बोटं सांभाळावीत. टीप वाकडी गेली तरी भगवा फडकतोच.